एका सणाच्या संध्याकाळचे ऋण

रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात नाताळचे दिवस होते. रस्त्यांवर बर्फ साचले होते. धुण्याची कामे करून उदरनिर्वाह करणारी ल्युबोव्ह फ्योदोरोव्हना नावाची एक गरीब स्त्री आपल्या आठ वर्षांच्या मुलीला सणाची भेट म्हणून मारीन्स्की नाट्यगृहात घेऊन गेली. रंगमंचावर निद्रिस्त राजकन्येची कथा चालू होती. संगीत चायकोव्स्कीचे होते, नृत्यरचना मारिउस पेतिपाची. १८९० च्या जानेवारीत प्रथमच रंगमंचावर आलेले ‘स्लीपिंग ब्यूटी’ हे बॅले तेव्हा अगदी नवे होते. एका प्रवेशात मुलामुलींचा मोठा समूह फेर धरून नाचू लागला, तेव्हा आपल्यालाही यांच्यात नाचायला आवडेल का, असे आईने मुलीला विचारले. मुलीने मान हलवून नकार दिला. तिला समूहात नाचायचे नव्हते. तिला त्या राजकन्येसारखे एकटीने नाचायचे होते.

ही मुलगी म्हणजे आना पावलोवा. पुढे चाळीस-बेचाळीस वर्षांनी तिचे निधन झाले, तेव्हा जगाच्या पाचही खंडांत तिचे नाव माहीत झालेले होते. तिच्या आयुष्यात मानसन्मान पुष्कळ आले; पण त्या साऱ्याच्या मुळाशी सणाच्या दिवशी आईचा हात धरून पाहिलेला तो एक खेळ होता.

नांदेड-लातूरच्या वाचकाला या अनुभवाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाडीतून आणि पुढे एसटीतून यात्रेला जात आली. माळेगावात घोड्यांचा बाजार, कुस्त्यांचा फड आणि तमाशाच्या कनाती हे सारे एकाच माळावर पाहून घरी परतलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढून ते दिवे कित्येक दिवस हलत नसत. फरक इतकाच, की त्या मुलाने आपणही हेच करणार असे घरात सांगितले असते, तर त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप क्वचितच पडली असती. मुलीच्या तर ते ओठांवरही आले नसते. ल्युबोव्हनेही मुलीचा हट्ट प्रथम हसण्यावारी नेला. परंतु तो टिकला, तेव्हा तिने तो मोडला नाही. पावलोवाच्या आयुष्यातील हा पहिला भाग्ययोग.

आनाचा जन्म १२ फेब्रुवारी १८८१ रोजी झाला. दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेले हे मूल अशक्त होते. त्याच्या जगण्याची शाश्वती कोणालाच नव्हती. तिच्या पित्याविषयी चरित्रकारांत अजूनही मतभेद आहेत. बालपणाचा बराच काळ तिने शहराबाहेर लिगोवो या गावी आजीजवळ काढला. राजाश्रयावर चालणाऱ्या नृत्यविद्यालयात प्रवेशासाठी आईने तिला नेले, तेव्हा वय लहान आणि प्रकृती किरकोळ म्हणून तिला परत पाठवण्यात आले. १८९१ साली, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला.

तेथेही वाट सोपी नव्हती. त्या काळी बॅलेसाठी आटोपशीर, भरीव आणि स्नायूंनी बळकट अशी देहयष्टी आदर्श मानली जाई. आना उंच, कृश, लांब हातापायांची. सोबतच्या मुली तिला केरसुणी म्हणून चिडवीत. तिच्या तळपायाची कमान इतकी उंच होती की, बोटांच्या टोकांवर देह तोलताना सारा भार अंगठ्यावर येई. पुढे तिने आपल्या बुटांच्या तळाला कडक चामडे बसवून घेतले. काहींनी ही लबाडी मानली. नंतरच्या नर्तिकांचे बूट मात्र त्याच दिशेने बदलत गेले. पावेल गेर्ट, क्रिस्तियान योहान्सन, एन्रिको चेकेत्ती अशा गुरूंनी तिला घडवले. तंत्राच्या कसरतीत इतरांशी स्पर्धा करण्यापेक्षा आपला नाजूकपणा हेच आपले बळ मानावे, ही जाण तिला या शिक्षणातून आली.

१८९९ मध्ये शिक्षण पूर्ण करून पावलोवा मारीन्स्कीच्या नृत्यसंचात दाखल झाल्या. १९०३ मध्ये त्यांना ‘जिझेल’ची प्रमुख भूमिका मिळाली आणि १९०६ मध्ये प्रमुख नर्तिकेचे पद. मधल्या काळात, १९०५ च्या अशांत वर्षात, कलावंतांच्या हक्कांसाठी झालेल्या संपात मिखाइल फोकीन आणि तमारा कार्साविना यांच्याबरोबर त्याही पुढे होत्या. राजाश्रयाला जपून राहणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

याच फोकीन यांनी पावलोवांसाठी एक छोटी रचना केली. सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची हंसावरील धून, जेमतेम दोन-तीन मिनिटांचा अवधी, रंगमंचावर एकटी नर्तिका. मरणाच्या दारातला एक हंस पुन्हा पुन्हा उठू पाहतो आणि अखेर पंख मिटून पडतो. एवढाच तिचा विषय. त्यात गिरक्यांची आतषबाजी नाही, उंच उड्या नाहीत. १९०७ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात हे ‘मरणोन्मुख हंसा’चे नृत्य प्रथम झाले आणि पुढे ते पावलोवांची ओळखच बनून गेले. ज्या देशात बॅले हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, तेथेही हा हंस कळला. कारण मृत्यू समजण्यासाठी भाषा लागत नाही.

१९०८ पासून पावलोवा रशियाबाहेर दौरे करू लागल्या. १९०९ मध्ये पॅरिसला सेर्गेई द्यागिलेव यांच्या गाजलेल्या रशियन बॅलेत त्या नाचल्या, १९१० मध्ये न्यूयॉर्कला. द्यागिलेव यांच्याकडे नव्या काळाचे चित्रकार होते, नवे संगीतकार होते आणि युरोपातील रसिकांचा अग्रगण्य वर्ग होता. तेथेच राहून प्रतिष्ठा वाढवणे सहज शक्य होते. परंतु १९११ मध्ये पावलोवांनी स्वतःचा संच उभारला आणि वेगळी वाट धरली. १९१२ मध्ये लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात त्यांनी ‘आयव्ही हाउस’ हे घर घेतले. त्याच्या तळ्यात हंस पाळले. मात्र त्या घरात त्यांचे वास्तव्य पाहुण्यासारखेच राहिले. वर्षाचे बरेचसे महिने आगगाडीत, जहाजात आणि हॉटेलांत जात.

या वाटेमागे एक सरळ विचार होता. मोठे नाट्यगृह सर्वांच्या गावी नसते. म्हणून नाट्यगृहानेच गावोगाव जावे. इंग्लंड-अमेरिकेतील लहान शहरांत एका रात्रीचा खेळ करून सकाळी पुढच्या गावाची गाडी पकडायची, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. सामानाच्या पेट्या, पडदे, पोशाख, वादकांचा ताफा आणि नर्तक-नर्तिका, ज्यांत इंग्रज मुलींचा भरणा मोठा होता, असा सारा संसार पाठीवर असे. व्यवस्थापक आणि सहचर व्हिक्टर दांद्रे हिशेब सांभाळत. कोणत्याही राजाचे वा सरकारचे अनुदान नव्हते. तिकीटविक्रीतून मिळेल त्यावर सर्वांचे पगार अवलंबून होते. आपल्याकडे त्याच काळात संगीत नाटक मंडळ्या असाच संसार घेऊन महाराष्ट्रभर फिरत होत्या. रेल्वेच्या डब्यातून पडदे आणि पेट्या नेत, कधी गर्दीच्या तर कधी कर्जाच्या ओझ्याखाली त्यांचे खेळ होत. त्या पिढीच्या रसिकाला पावलोवांची ही धडपड परकी वाटली नसती.

१९१६ मध्ये तर एक विलक्षण प्रसंग घडला. पहिले महायुद्ध चालू होते, युरोपात दौरे अशक्य झाले होते आणि संच जगवणे भाग होते. न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम या पाच हजारांहून अधिक आसनांच्या प्रचंड प्रेक्षागृहात पावलोवांनी करार केला. तेथे मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी दिवसातून दोन खेळ होत. कार्यक्रमात शिकवलेले हत्ती होते, बर्फावरील घसरनृत्य होते आणि या दोहोंच्या मध्ये पावलोवांचे बॅले. त्यासाठी त्यांनी निवडले ते ‘स्लीपिंग ब्यूटी’च. बालपणी ज्या कलाकृतीने त्यांना झपाटले होते, तिचे संक्षिप्त रूप, लेऑन बाक्स्त यांच्या नेपथ्यासह, हत्तींच्या खेळाच्या जोडीने सादर झाले. उच्चभ्रू समीक्षकांना ही अधोगती वाटली. कार्यक्रमाच्या चालकांनीही बॅलेला वारंवार कात्री लावली. पावलोवांना याचे दुःख झाले नसेल असे नाही. पण त्या नाट्यगृहात रोज हजारो मुले येत होती, आणि अशाच एका मुलीपासून आपली सुरुवात झाली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या.

असे बीज कोठे रुजेल याचा नेम नसतो. १९१७ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या लिमा शहरात पावलोवांचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत फ्रेडरिक अ‍ॅश्टन नावाचा एक इंग्रज मुलगा होता. त्या रात्रीच त्याने आपण नर्तक होणार असे ठरवले. घराचा विरोध पत्करून तो त्या वाटेने गेला आणि पुढे ब्रिटनच्या रॉयल बॅलेचा थोर नृत्यरचनाकार झाला. १९१९ मध्ये मेक्सिकोत बैलांच्या झुंजींच्या उघड्या मैदानात हजारोंच्या समुदायापुढे पावलोवा नाचल्या आणि तेथील लोकनृत्य शिकून आपल्या पद्धतीने त्यांनाच सादर करून दाखवले. जेथे जावे तेथील नृत्य पाहावे, शिकावे, ही त्यांची सवय होती.

दरम्यान मायदेश दुरावला. १९१४ नंतर त्यांचे पाऊल रशियाच्या भूमीवर पडले नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर उपासमार झाली, तेव्हा पीटर्सबर्गच्या नृत्यशाळेतील मुलांसाठी त्या अन्नाची पार्सले पाठवीत. १९२० मध्ये पॅरिसजवळ सें-क्लू येथे निर्वासित रशियन मुलींसाठी त्यांनी अनाथाश्रम सुरू केला. स्वतःचे अपत्य नसलेल्या या स्त्रीच्या कमाईचा मोठा वाटा असा मुलांवर खर्च होत असे.

१९२२ मध्ये हा संच पूर्वेकडे निघाला. जपान, चीन, मलाया, ब्रह्मदेश असा प्रवास करीत वर्षअखेरीच्या सुमारास तो हिंदुस्थानात पोहोचला. कोलकाता आणि मुंबई येथे त्याचे खेळ झाले. प्रेक्षकांत इंग्रज अधिकारी, पारशी आणि गुजराती व्यापारी आणि शिकलेला मध्यमवर्ग होता. पावलोवांना मात्र आणखी काही हवे होते. ज्या भूमीच्या मंदिरांत आणि शिल्पांत नृत्य ओसंडून वाहते, तेथील जिवंत नृत्य त्यांना पाहायचे होते. ती इच्छा त्या वेळी पुरी झाली नाही. नृत्याविरुद्धच्या सामाजिक चळवळीला तोवर तीस वर्षे उलटली होती. देवदासी आणि कलावंतिणी यांची कला समाजाने बाजूला सारली होती. महाराष्ट्रात लावणी फडात होती, पण फड प्रतिष्ठितांच्या घरापासून दूर होता. नाटकात स्त्रीभूमिका पुरुष करीत. चांगल्या घरातील मुलीने रंगमंचावर नाचावे, ही कल्पनाच पांढरपेशा कुटुंबाला सहन होणारी नव्हती. परदेशी पाहुणीला दाखवायला नृत्य नव्हते असे नव्हे. ते अभिमानाने दाखवावे असे कोणाला वाटत नव्हते.

जिवंत कला सापडली नाही, तरी भिंतींवरची कला होती. आणि ती होती मराठवाड्यात. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड आणि आजच्या लातूर जिल्ह्याचा मुलूखही त्याच संस्थानात होता. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, लोरेंझो चेकोनी या इटालियन तज्ज्ञाच्या हस्ते, १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे जतनकार्य नुकतेच झाले होते. त्याआधी लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकारांना घेऊन या चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या आणि १९१५ मध्ये त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला होता. पाश्चात्त्य कलाजगतात अजिंठ्याचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते.

सप्टेंबर १९२३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात पावलोवांच्या संचाने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ हे नवे बॅले सादर केले. नृत्यरचना इव्हान क्ल्युस्टीन यांची आणि संगीत निकोलाय चेरेप्निन यांचे होते. राजवाड्यातील उत्सव, नृत्य-गायनाची धुंदी आणि त्या साऱ्याकडे पाठ फिरवून निघून जाणारा सिद्धार्थ, असे त्याचे कथासूत्र होते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात वादक स्त्रियांच्या मेळ्यात एक नर्तिका नाचते आहे आणि त्याच कथेतील राजा सर्वसंगपरित्याग करून निघाला आहे. नृत्य आणि वैराग्य एकाच भिंतीवर, इतके जवळ! रशियन-फ्रेंच वळणाच्या त्या बॅलेत अस्सल भारतीय नृत्य असणे शक्य नव्हते. कल्पनेतील पौर्वात्य जगाचा रंग त्यात बराच होता आणि ते पुढे टिकलेही नाही. तरीही मराठवाड्यातील डोंगराच्या कुशीतले हात, माना आणि नजरा लंडनच्या रंगमंचावर हलल्या, ही घटना लहान नव्हती. त्या काळी खुद्द मराठवाड्यातील कितीशा माणसांनी ती चित्रे पाहिली होती?

त्याच हंगामात पावलोवांनी आणखी एक धाडस केले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकणारा उदय शंकर नावाचा तरुण त्यांना भेटला. तो त्याआधी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकला होता. नृत्याचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. पण त्याच्या देहातील लय पावलोवांनी ओळखली आणि ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ या दोन रचना त्याच्याकडून बसवून घेतल्या. पहिलीत पावलोवा राधा झाल्या आणि उदय शंकर कृष्ण. पुढील अमेरिकेच्या दौऱ्यातही तो त्यांच्यासोबत होता. पुढे उदय शंकर यांनी स्वतंत्र वाट धरली आणि आधुनिक भारतीय नृत्याचे ते अध्वर्यू ठरले.

१९२८-२९ मध्ये पावलोवा पुन्हा भारतात आल्या. मुंबईत त्यांचा खेळ पाहणाऱ्यांत रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. त्यानंतर ऑस्ट्रेलियाला जाताना दोघींचा प्रवास एकाच जहाजातून झाला. रुक्मिणीदेवींना बॅले शिकण्याची ओढ लागली. पावलोवांनी आपल्या संचातील क्लिओ नॉर्डी यांच्याकडे त्यांची सोय करून दिली. परंतु सल्ला दिला तो आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा. पुढे रुक्मिणीदेवींनी भरतनाट्यम् शिकून १९३५ मध्ये ते जाहीर रंगमंचावर सादर केले आणि १९३६ मध्ये चेन्नईला कलाक्षेत्राची स्थापना केली. मुंबईतील लीला सोखी यांनाही पावलोवांचे असेच प्रोत्साहन मिळाले. ‘मेनका’ या नावाने त्या कथ्थक नृत्यनाट्ये करू लागल्या आणि १९३६ ते १९३८ या काळात संच घेऊन युरोपभर फिरल्या. नंतर खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. त्यांच्या युरोपच्या दौऱ्यात दमयंती जोशी नावाची एक चिमुरडी मराठी मुलगी होती. पुढे कथ्थकच्या क्षेत्रात दमयंतीबाईंनी स्वतःचे स्थान निर्माण केले. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चांगल्या घरातील मुलीने नाचू नये, हा दंडक असा हळूहळू सैल होत गेला. याचे सारे श्रेय पावलोवांना देणे अन्यायाचे होईल. ज्या देवदासींनी, उस्तादांनी आणि फडावरच्या कलावंत स्त्रियांनी अवहेलना सोसून कला जिवंत ठेवली, त्यांचे ऋण पहिले. पण आपल्याच घरातील ठेव्याकडे पाहायला शिकवणारी ही पाहुणी होती, हेही खरे.

त्यांच्या कलेवर आक्षेपही घेतले गेले. संगीताची निवड हलकी होती, संचातील इतर नर्तक सामान्य दर्जाचे होते, नव्या प्रयोगांकडे त्यांनी पाठ फिरवली, असे समीक्षक म्हणत. द्यागिलेव यांच्या तुलनेत यात तथ्य आहे. द्यागिलेव यांनी बॅले बदलले. पावलोवांनी बॅलेला प्रेक्षक मिळवून दिला.

त्याची किंमत शरीराने मोजली. हजारो प्रयोग आणि लाखो मैलांचा प्रवास झाला होता. गुडघा दुखावलेला असतानाही त्या थांबल्या नाहीत, कारण त्या थांबल्या असत्या तर साऱ्या संचाची रोजीरोटी थांबली असती. जानेवारी १९३१ मध्ये फ्रान्समधील प्रवासात थंडीने गाठले. हॉलंडमधील हेग शहरी पोहोचेपर्यंत फुप्फुसावरणाचा दाह बळावला आणि २३ जानेवारी रोजी एका हॉटेलच्या खोलीत त्यांची प्राणज्योत मालवली. पन्नासावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. हंसाचा पोशाख तयार ठेवण्यास त्यांनी अखेरीस सांगितल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांच्या निधनानंतर लंडनमधील एका कार्यक्रमात वाद्यवृंदाने हंसाची धून वाजवली, रिकाम्या रंगमंचावर फक्त प्रकाशझोत फिरत राहिला आणि प्रेक्षक उभे राहून ते पाहत होते.

पावलोवांचा संच नांदेडला वा लातूरला कधी आला नाही. तेव्हा नांदेडला मनमाड-हैदराबाद मार्गावरची मीटरगेज गाडी येत असे आणि लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. त्या रुळांवरून नाटक मंडळ्या आल्या, फड आले. बॅले मुंबईपाशीच थांबले. आज नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे, लातूरला दयानंद सभागृह आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन तेथे जाणारी कुटुंबेही आहेत. सुट्टीतला एक खेळ म्हणजे दोन-तीन तासांची करमणूक, असा त्याचा हिशेब आपण मांडतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी धुणी धुणाऱ्या एका आईने काटकसरीतून काढलेल्या तिकिटाचा हिशेब मात्र लिमा, लंडन, मुंबई, चेन्नई आणि खंडाळा एवढ्या ठिकाणी पसरलेला आहे. तो अजून पुरा झालेला नाही.